थोरली फांदी, धाकटी फांदी

माझ्या अंगात स्थिरपणा नाही, हे आई मी पाळण्यात असल्यापासून सांगत आली आहे. एका जागी बसले की पाय हलतो, पाय आवरला तर नखं कुरतडते. अशा बाईनं संगणकासमोर बसून झाडं मोजायचं काम पत्करावं, हा निव्वळ गाढवपणा. पण पत्करला खरा.

झाडं म्हणजे आंबा-फणस नव्हेत. रत्नागिरीतल्या एका कॉलेजात मी मुठ्यांवर पीएच.डी. करत होते. मुठे म्हणजे भाताच्या बांधात आणि ओढ्यात राहणारे गोड्या पाण्यातले खेकडे. पालीचा मुठा, राजापूरचा मुठा, मिरजोळ्याच्या सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या माळावरच्या, डबक्यातला मुठा, यांत कोण कुणाचा किती जवळचा, हे त्यांच्या डीएनएवरून काढायचं आणि फांद्या फुटलेल्या झाडासारखं मांडायचं. पूर्वज बुंध्याशी, आजचे मुठे टोकाला. गावात कुणी विचारलं, "हल्ली काय करतेस गो?" तर आई परस्पर सांगायची, "खेकड्यांची वंशावळ काढते." ऐकणारा हसायचा. मला राग यायचा, पण आईचं काही चुकत नव्हतं.

खरी गोम अशी की संगणक एक झाड काढून गप्प बसत नाही. तो हजारो काढतो. हेही असू शकेल, तेही असू शकेल, असं म्हणत गठ्ठाच्या गठ्ठा हातात देतो. माझ्याकडे असे दोन गठ्ठे होते. एक, फक्त आईकडून येणाऱ्या डीएनएचा. दुसरा, आईबाप दोघांकडून येणाऱ्या डीएनएचा. दोन्ही गठ्ठे एकच गोष्ट सांगतात की वेगवेगळी, हे ठरवल्याशिवाय माझ्या प्रबंधाचं प्रकरण पुढे सरकणार नव्हतं.

इतकी झाडं डोळ्यांनी कोण बघणार? म्हणून प्रत्येक झाडाचे चार सारांश आकडे काढायचे. झाड एका बाजूला किती कललंय, त्याचा एक. टोकाला जोड्या किती, म्हणजे फांदी दुभंगते त्या एकाच काट्यातून फुटलेले दोघंच दोघं किती, त्याचा एक. बुंध्यापासून टोकापर्यंतची उंची, तिचा एक. सगळ्या फांद्यांची मिळून लांबी, तिचा एक. मग या गठ्ठ्याची सरासरी त्या गठ्ठ्याच्या शेजारी ठेवायची. मी ठेवली. सगळं जुळलं. इतकं जुळलं की मला बसवेना.

माझे सर मात्र खूश. सर राजापूरकडचे, मनानं उदार, पण घाईचे. खुर्चीत रेलून म्हणाले, "जुळलं ना? मग घोडं कुठं पेंड खातंय? लिहून टाक." वर माझ्या स्क्रीनवरचं झाड बघून आणखी खुलले. त्यात राजापूरचा मुठा सगळ्यात वरच्या फांदीवर आला होता. "बघ, आमच्याकडचा मुठा थोरला निघाला," म्हणाले.

मला हसावं की चिडावं कळेना. आमच्या मुलखात वंशावळ अशीच वाचतात. थोरल्याचं नाव आधी, धाकट्याचं नंतर. गावातला मान, देवाचा नारळ, पालखी आधी कुणाच्या दारात, सगळं त्या क्रमावर चालतं. सरांची बुद्धी दांडगी, पण डोळे गावचेच. मी माऊस घेतला, काट्यावर टिचकी मारली आणि झाड त्या जागी फिरवलं. राजापूरचा मुठा सरकन तळाला गेला.

सरांचा चेहरा पडला. "काय केलंस?"

"काही नाही. फांदी फिरवली. झाड तेच आहे."

"पण राजापूर खाली गेलं."

"सर, इथं वर-खाली काही नसतं. एका काट्यातून फुटलेल्या दोन फांद्या एकाच वयाच्या. संगणक कुणाला तरी आधी काढणार, एवढंच."

हे सरांना माहीत नव्हतं असं नाही. दरवर्षी ते मुलांना हेच शिकवत. पण माहीत असणं वेगळं आणि पटणं वेगळं. ते पुटपुटत चहा सांगायला गेले.

मी बसून राहिले. डोक्यात भुंगा सुरू झाला होता. हे चार आकडे नावं वाचत नाहीत. ते आकार बघतात. लग्नाच्या पंगतीत पानं किती आणि रांगा किती हे सांगितलं, म्हणून कोण कुणाच्या शेजारी बसलं होतं ते कळत नाही. माझ्या दोन गठ्ठ्यांत पंगती सारख्या होत्या. बसलेली माणसं तीच, त्याच जागी होती का?

त्यासाठी दुसरी मोजणी असते. एका झाडातली प्रत्येक फांदी घ्यायची, तिच्या टोकांना कोण कोण आहेत ते बघायचं आणि तसाच्या तसा गट दुसऱ्या झाडात आहे का ते तपासायचं. नसलेले गट मोजायचे. त्याला दोन झाडांमधलं अंतर म्हणतात. सगळे गट जुळले तर अंतर शून्य. माझं शून्य आलं नाही, शून्याच्या जवळपासही आलं नाही. एका गठ्ठ्यात पालीचा मुठा सड्यावरच्या मुठ्याशेजारी होता, दुसऱ्यात त्याच जागी राजापूरचा. आकार तोच, आत माणसं बदललेली. पुन्हा पहिल्यापासून सगळं लिहायचं होतं. सरांना सांगायचं धैर्य त्या दिवशी झालं नाही. लॅपटॉप पिशवीत टाकला आणि पालीकडची एस.टी. पकडली.

आमचं गाव पालीच्या आत. रस्ता तेव्हा सगळा खणलेला. एस.टी. हादरत चाललेली, खिडकीतून लाल धुरळा, आणि माझा पाय हलतोय. शेजारच्या बाईनं शेवटी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बाय, जरा दमानं." मी ओशाळले.

घरी वेगळीच अस्वस्थता. शिमगा तोंडावर आला होता आणि आमच्या घरात शिमगा आला की बाबांचं जेवण कमी होतं.

त्याचं कारण गडग्यापलीकडे राहतं. आमच्या आणि काकांच्या घरामध्ये चिऱ्यांचा एक गडगा आहे, कमरेएवढा. काका म्हणजे बाबांचे चुलत-चुलतभाऊ. दोघं एका पाटावर वाढलेले, एका पऱ्यात पोहायला शिकलेले. आजोबांच्या काळी घर एक होतं, चूल एक होती, शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी एकाच दारात यायची. घरं वेगळी झाली आणि प्रश्न पडला, पालखी आधी कुणाकडे? आधी थोरल्या पातीकडे, हा रिवाज. पण थोरली पाती कोणाची? खापरपणजोबांना मुलगे दोन. आमची पाती एका मुलाची, काकांची दुसऱ्याची. त्यांच्यातला मोठा कोण, हे सांगणारं माणूस आता जिवंत नाही. बाबा म्हणत आमचा, काका म्हणत आमचा. मी हायस्कुलात असताना एका शिमग्याला पालखी खांद्यावर असतानाच दोघं हमरीतुमरीवर आले. गावकऱ्यांनी निकाल दिला की तुमचं ठरत नाही तोवर पालखी गडग्याशी थांबेल, कुणाच्याच दारात येणार नाही.

तेव्हापासून तसंच. पालखी गडग्याशी थांबते, एका बाजूनं आम्ही, दुसऱ्या बाजूनं काका बाहेर जाऊन पाया पडतो, आणि पालखी पुढच्या घरी जाते. बाबा आणि काका एकमेकांशी बोलत नाहीत. आई मात्र दरवर्षी दार सारवते, रांगोळी काढते, दिवा लावते. "देव येवो न येवो, आपण तयार असावं," म्हणते आणि मग पदरानं डोळे टिपते. मला त्या दोघा म्हाताऱ्यांचा संताप यायचा. सुंभ जळेल, पीळ जायचा नाही.

त्या वर्षी आणखी एक गोष्ट झाली. काकी गेल्यापासून काका एकटेच होते. त्यांच्या मुलानं त्यांना कायमचं मुंबईला न्यायचं ठरवलं होतं. शिमगा झाला की घराला कुलूप. हे आईनं मला पदराआड सांगितलं आणि बाबांसमोर मोठ्यानं काहीच बोलली नाही. बाबांना ते ठाऊक होतं. पडवीत बसून ते गडग्याकडे बघायचे, उठायचे, अंगणात फेरी मारायचे, परत बसायचे. मी कुणावर गेले ते तेव्हा कळलं. यंदा बोलले नाहीत तर मग कधी, हे आम्हा तिघांनाही दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडवीत लॅपटॉप उघडून तीच झाडं परत बघत होते. बाबा मागे येऊन उभे राहिले. चष्मा पुसला, डोळ्यांना लावला.

"यातला थोरला कोण?"

"बाबा, तुम्ही पण?"

"मी पण म्हणजे?"

"थोरला कुणी नाही. दोन झाडं सारखी आहेत का, एवढंच मी बघते."

ते आत गेले आणि आमची वंशावळ घेऊन आले. बाबांनी स्वतःच्या हातानं, रंगीत पेनांनी कार्डशीटवर काढलेली, पालीला जाऊन लॅमिनेट करून आणलेली. "ही आपली," म्हणाले. मग हनुवटीनं गडग्यापलीकडे दाखवलं. "आणि ती त्यांची. दोन्ही घाल त्यात. त्यांनी कुठं काय घुसडलंय ते निघू दे एकदा."

त्यांची म्हणजे फ्लेक्स. काकांच्या मुलानं मुंबईहून छापून आणलेला, वर देवीचा फोटो, खाली पिवळ्या अक्षरांत सगळं घराणं, पडवीच्या भिंतीवर ठोकलेला. आपला तो बाब्या, असा सगळा प्रकार. मी गडग्याशी गेले, मोबाईल झूम केला आणि फोटो काढला. काका पडवीत खोक्यांना सुतळ्या बांधत होते. त्यांनी मान वर करून बघितलं.

खरं सांगते, मी ते काम चिडून हाती घेतलं. वाटलं, होऊन जाऊ दे एकदाचं. संगणकाला झाड कंसांत सांगावं लागतं. सख्खे भाऊ एका कंसात, त्यांचे चुलतभाऊ बाहेरच्या कंसात, असं करत बुंध्यापर्यंत. बाबा नावं वाचत होते, मी टाइप करत होते. दोन्ही झाडांत मी नव्हते. माझी आत्याही नव्हती. मुली वंशावळीत नसतात. तेवढ्या एका बाबतीत दोन्ही पात्यांचं पहिल्यापासून एकमत.

आधी सारांश आकडे काढले. कल तोच. जोड्या तितक्याच. उंची तितकीच. बाबा अधीर झाले. "जुळलं म्हणजे काय? बरोबर कोण?"

"थांबा. हा नुसता आकार झाला. नावं अजून बघितली नाहीत."

मग अंतर काढायला लावलं. मोठ्या गठ्ठ्याला वेळ लागतो, या दोन झाडांना कसला वेळ? मी बटण दाबलं आणि आकडा समोर. शून्य.

"शून्य म्हणजे आपण बरोबर ना?"

"शून्य म्हणजे दोन्ही झाडं एकच आहेत, बाबा. प्रत्येक माणूस दोन्हीकडे त्याच बापाच्या पोटी, त्याच भावांबरोबर. त्यांनी काही घुसडलेलं नाही. तुम्हीही नाही."

"असं कसं? त्यांनी त्यांचा आधी लिहिलाय. आपण आपला."

"ते संगणकाला दिसत नाही."

मी त्यांना दाखवलं. बुंध्याजवळच्या पहिल्या काट्यावर टिचकी मारली आणि आमची अख्खी पाती वरून खाली गेली, काकांची वर आली. कार्डशीटचं फ्लेक्स झालं. परत टिचकी मारली. फ्लेक्सचं कार्डशीट झालं. बाबा बघत राहिले. मग म्हणाले, "परत कर." मी परत केलं. "परत." मी परत केलं.

"म्हणजे एवढी वर्षं आम्ही ह्याच्यावर भांडलो?"

मला वाटलं होतं, ते ऐकून बरं वाटेल त्यांना. पण बाबा भडकले. थोरलं-धाकटं ज्याला कळत नाही तो संगणक काय कामाचा, म्हणाले. खेकड्यांचा न्याय माणसांना लावतेस, म्हणाले. कार्डशीट उचललं आणि आत गेले. दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. आई मला म्हणाली, "कशाला गो नसती उठाठेव?" मी परसात जाऊन ओले काजू सोलत बसले आणि चीक लागून बोटं भाजून घेतली.

सोमवारी सरांसमोर उभी राहिले. घरी एकदा बोलणी खाल्लीच होती, आणखी एकदा खायचं भय राहिलं नव्हतं. सांगितलं की चार आकडे जुळतात, पण अंतर शून्य नाही, राजापूर आणि पाली एकमेकांच्या जागी बसलेत, प्रकरण परत लिहावं लागेल. सर बराच वेळ टेबलावर बोटं वाजवत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आईकडचं नातं एक आणि आईबापाकडचं दुसरं."

"हो."

"मग दोन्ही झाडं दे. आणि जुळलं, हा शब्द काढून टाक."

इतकं सोपं होतं. मी उगाच जीव जाळला. पण त्या सुटकेचा आनंदही धड झाला नाही, कारण मन घरी होतं. बाबा पडवीतून उठून परसात बसायला लागले होते. परसातून गडगा दिसत नाही.

शिमग्याच्या दिवशी ढोल वरच्या वाडीपासून ऐकू येत होता. आईनं सालाबादप्रमाणे सारवलं, रांगोळी काढली, ताटात निरांजन लावलं. पलीकडे काकांच्या पडवीत सुतळ्या बांधलेली खोकी आणि एक मोठी बॅग. फ्लेक्सही काढून गुंडाळून ठेवला होता. भिंतीवर त्याच्या जागी चार खिळे. उद्या सकाळची गाडी.

पालखी आली आणि गडग्याशी थांबली. खांदेकऱ्यांना सवयच होती, कुणी विचारलंसुद्धा नाही. आम्ही या बाजूनं, काका त्या बाजूनं. गाऱ्हाणं घालणारे पुढे झाले, देवाला साकडं घालायला तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "थांबा. आत न्या. आधी त्याच्याकडे."

ढोल थांबला. गावकरांनी, म्हणजे गावच्या मानकऱ्यांनी, विचारलं, "नक्की ना? मागनं बोलायचं नाय."

"नाय बोलत. आधी थोरल्या घरात न्या."

काकांना ते समजायला वेळ लागला. समजलं तसे ते गडबडले. मागे घराकडे बघितलं, परत पालखीकडे. "अरे, माझ्याकडे काय नाय रे," म्हणाले. "सगळं बांधून ठेवलंय. दिवापण नाय लावलेला." इतक्या वर्षांत बाबांना उद्देशून निघालेलं ते पहिलं वाक्य.

आई कुणाला विचारत बसली नाही. हातातलं ताट, निरांजन, नारळ, हळदकुंकू, सगळं तिनं गडग्यावरून काकांच्या हातात दिलं. पालखी काकांच्या अंगणात गेली. खोकी पायानं बाजूला सरकवून जागा केली. गाऱ्हाणं झालं, आम्ही सगळे गडग्याच्या या बाजूनं "होय महाराजा" म्हणत राहिलो. बाबांचा आवाज सगळ्यात मोठा होता. त्या वेळी माझे पाय जागेवर होते.

मग पालखी आमच्याकडे वळली. मागोमाग काका, हातात आमचंच ताट, वाऱ्यानं विझू नये म्हणून निरांजनाला पंजाचा आडोसा. पालखी पडवीत आली. काका पायरीशी थांबले. माझ्याकडे वळून म्हणाले, "त्या दिवशी फ्लेक्सचा फोटो काढत होतीस, मी बघितलं. काय म्हणाला तुझा संगणक? थोरला कोण?"

"काका, संगणकाला तसं..."

"तू," बाबा मध्येच म्हणाले. "तू थोरला. तिनं काढलंय."

मी बाबांकडे बघितलं. शून्याचा असा अर्थ होत नाही. मी तसं काहीही काढलेलं नव्हतं. सरांसमोर एका शब्दासाठी अख्खं प्रकरण मोडणारी मी, त्या दिवशी तोंड मिटून उभी राहिले.

काकांनी बाबांकडे एकदा बघितलं. मग मला म्हणाले, "तुझ्या बापसाला लहानपणापासून खोटं बोलता येत नाय गो."

आणि ताट सांभाळत पायरी चढून आत आले.